मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर एकच, मग जाताना सोळा तास आणि येताना चौदा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचे आईवडील जूनमध्ये मुंबईहून थेट विमानाने न्यूयॉर्कला मुलीकडे जाणार आहेत आणि नोव्हेंबरच्या मध्यावर परतणार आहेत. मुलाने इंटरनेटवर पाहिलं तर अंतर १२,५०० किलोमीटर आणि प्रवास १४ तास असं दिसलं. तिकिटाच्या वेळांवरून मात्र जाताना १६ तास आणि येताना १४ निघतात. त्याला तीन गोष्टी हव्या आहेत: खरा आकडा कोणता, मधे थांबा घेतला तर अंतर किती वाढतं, आणि वडील इन्सुलिन घेतात, त्यांच्या वेळा कशा बसवायच्या.

मी सव्वीस वर्षं विमान कंपन्यांच्या डिस्पॅच विभागात काम केलं. फ्लाइट डिस्पॅचर जमिनीवर बसून त्या दिवसाचा मार्ग, इंधन, वजन, अडचणीला उतरायचे विमानतळ हे सगळं ठरवतो, आणि तो फ्लाइट प्लॅन कॅप्टनने मान्य केल्यावरच विमान हलतं. मुंबई–न्यूयॉर्कचे असे प्लॅन मी शेकड्यांनी केले. त्यावरून सांगते: तुम्ही वाचलेला १४ तासांचा आकडा साध्या भागाकाराचा आहे. १२,५०० ला ताशी ९०० ने भागलं की १३ तास ५३ मिनिटं येतात, कुणीतरी ते १४ केले. हा भागाकार बरोबर ठरायला दोन गोष्टी लागतात, सरळ रस्ता आणि थांबलेली हवा. या मार्गावर दोन्ही एकत्र मिळाल्याचं मला एकदाही आठवत नाही.

आधी अंतर घेऊ. घरात शाळेतला पृथ्वीगोल असेल तर शिवणाचा दोरा घ्या. एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. भिंतीवरच्या नकाशावर आपण अरबस्तान, भूमध्य समुद्र, स्पेन आणि अटलांटिक असा पश्चिमेकडे जाणारा रस्ता मनात धरतो. दोरा तसा जातच नाही. तो मुंबईतून निघताच उत्तरेकडे वळतो. गणिताने त्याची दिशा ३३३ अंश येते, म्हणजे उत्तरेपासून डावीकडे फक्त २७ अंश. हा दोरा सिंधमध्ये मोहेंजोदडोजवळून, मग कंदाहारजवळून, तुर्कमेनिस्तान आणि पश्चिम कझाकस्तान ओलांडून मॉस्कोच्या आसपास पोहोचतो. तिथून हेलसिंकी, नॉर्वेतलं ट्रॉन्डहाइम, आणि आइसलंडच्या आधी साधारण ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो. मग रेक्याविकवरून उतरायला लागतो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला जवळपास चाटून लाब्राडोरच्या किनाऱ्याने कॅनडात शिरतो आणि बॉस्टनच्या बाजूने न्यूयॉर्कला येतो. मी नव्याने कामाला लागलेल्या मुलामुलींना पहिल्या दिवशी हाच दोरा ताणायला लावायचे. मुंबईहून अमेरिकेला जाणारी सर्वात जवळची वाट आइसलंडवरून जाते हे हाताने केल्याशिवाय पटत नाही.

या दोऱ्याची लांबी म्हणजे पृथ्वीच्या मध्यावर होणारा ११२.७ अंशांचा कोन. एका अंशाच्या साठ कला, आणि एक कला म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. ११२.७ ला ६० ने गुणलं की साधारण ६,७६० सागरी मैल, म्हणजे १२,५०० किलोमीटरच्या थोडं वर. आम्ही अजूनही सागरी मैल आणि नॉटमध्येच (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) बोलतो, कारण अक्षांशावरून अंतर तोंडी काढता येतं. तेव्हा तुमच्या वेबसाइटने अंतर चुकवलेलं नाही. न्यूयॉर्कऐवजी शेजारच्या नेवार्कला उतरलात तरी फार तर वीस-तीस किलोमीटरचा फरक.

पण त्या दोऱ्यावरून आता उडता येत नाही. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमान कंपन्यांना बंद झालं. त्याआधी २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून १६ जुलैपर्यंत ते बंद होतं. अफगाणिस्तानवर ऑगस्ट २०२१ नंतर नेहमीसारखं हवाई नियंत्रणच राहिलं नाही. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. रशियाने त्याच सुमाराला युरोपीय, अमेरिकी आणि कॅनडाच्या कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, भारतीय कंपन्यांना केलं नाही. म्हणून एकाच दिवशी, त्याच दोन शहरांमध्ये, एका कंपनीच्या विमानाला जो रस्ता उघडा असतो तो दुसऱ्या कंपनीच्या विमानाला नसतो. दिल्लीकरांना पाकिस्तानच्या बंदीचा फटका जास्त बसतो, त्यांना आधी दक्षिणेकडे यावं लागतं. मुंबईहून निघालेलं विमान सरळ अरबी समुद्रावर जातं आणि आखातावरून वर सरकतं. तरीही दोऱ्यापेक्षा पाच-सहाशे किलोमीटर सहज वाढतात. पश्चिम आशियात तणाव वाढला की त्यातही भर.

ही भर कागदावर छोटी दिसते. ती खरी कशी असते ते मला एका एप्रिलच्या रात्रीने शिकवलं. मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटणारं विमान, प्रवासी पूर्ण, आणि खाली पोटात हापूसच्या पेट्या. आपला आंबा अमेरिकेला २००७ पासून जातो, तोही लासलगाव, वाशीसारख्या केंद्रात विकिरण करूनच, म्हणजे किडींसाठी किरणांचा मारा करूनच, त्यामुळे त्या पेट्यांवर बागायतदारापासून निर्यातदारापर्यंत किती जणांचे हात लागलेले असतात याची कल्पना येईल. रात्री अकरानंतर निरोप आला की वाटेतल्या एका देशाने आकाशाचा मोठा पट्टा बंद केला. मी प्लॅन नव्याने केला. वेळ पन्नास मिनिटांनी वाढला. हे विमान तासाला सात-साडेसात टन इंधन पितं, म्हणजे सहा टन वाढले. पण ते सहा टन शेवटच्या तासासाठी लागणार, तोपर्यंत पंधरा तास वाहून न्यायचे. जास्तीचं वजन वाहायला दर तासाला त्या वजनाच्या तीन-चार टक्के इंधन जळतं. थोडक्यात, पोहोचताना सहा टन हातात हवे असतील तर निघताना नऊच्या पुढे भरावे लागतात. आणि विमान तर आधीच उड्डाणाच्या कमाल वजनाला टेकलेलं. मी लोड कंट्रोलला, म्हणजे विमानातल्या वजनाचा हिशेब ठेवणाऱ्या विभागाला, फोन केला, आणि नऊ टनांच्या पेट्या त्या रात्री खाली उतरवल्या. लोडिंगची मुलं घामाघूम होऊन पॅलेट परत ओढत होती. पेट्या दुसऱ्या रात्री गेल्या. विमान वेळेवर सुटलं आणि प्रवाशांपैकी कुणाला काही कळलं नाही. मला मात्र तो आंब्याचा वास अजून आठवतो. प्लॅन हातात घेऊन मी स्वतः विमानाखाली गेले होते.

आता वारा. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, आपल्या आणि न्यूयॉर्कच्या अक्षांशांच्या पट्ट्यात, वारा बहुतेक वेळ पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. त्यातले वेगवान झोत म्हणजे जेटस्ट्रीम. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर ही त्यांची रोजची चाल, हिवाळ्यात तीनशेच्याही वर जातात. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या दिवसांत ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं होतं. एरवी त्याला सहा-साडेसहा तास लागतात. विमानाचं इंजिन काही जास्त जोराने चाललं नव्हतं. हवेत त्याचा वेग नेहमीचाच होता, हवाच त्याला घेऊन पळत होती.

आकडे मांडते, कारण एकदा हे केलं की सगळं उलगडतं. बोइंग ७७७ ध्वनीच्या वेगाच्या ०.८४ पट वेगाने जातं. त्या उंचीवरच्या उणे ५४ अंशांत ते ताशी साधारण ८९८ किलोमीटर होतात. वळसे धरून जमिनीवरचा मार्ग १३,१५० किलोमीटर समजू. हवा थांबलेली असती तर १४ तास ४० मिनिटं. जाताना सगळ्या वाटेवर सरासरी ४० नॉटचा, म्हणजे ताशी ७४ किलोमीटरचा, समोरून वारा धरा. हा आकडा रोजच्यातला आहे. जमिनीवरचा वेग उरला ८२४. वेळ जवळपास १६ तास. येताना तेवढाच वारा पाठीमागून आला तर वेग ९७२ आणि वेळ साडेतेरा तास.

यातली एक गोष्ट नीट पाहा. जाताना वाऱ्याने १ तास २० मिनिटं खाल्ली, येताना तोच वारा १ तास ७ मिनिटंच परत देतो. दोन्ही फेऱ्या मिळून हिशेब कधीच शून्यावर येत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ राहतो. नदीत नाव वल्हवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि आम्ही प्लॅनवर जमिनीच्या अंतराशेजारी आणखी एक आकडा छापतो, हवेतलं अंतर. वरच्या उदाहरणात जाताना ते १४,३०० किलोमीटर होतं आणि येताना १२,१५०. विमानाच्या पंखांना आणि इंधनाच्या टाक्यांना हेच अंतर ठाऊक असतं. तुमच्या आईवडिलांसाठी मुंबई–न्यूयॉर्क आणि न्यूयॉर्क–मुंबई ही दोन वेगळी अंतरं आहेत असं मी म्हणते ते याच अर्थाने.

म्हणूनच डिस्पॅचर कधी मुद्दाम लांबचा रस्ता घेतो. याचं सर्वात मोठं उदाहरण आपल्याच एअर इंडियाचं. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोचं विमान पूर्वी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात झाली. अंतर १५,३०० किलोमीटरच्या घरात गेलं, आणि वेळ कमी होऊन साडेचौदा तासांवर आला. पूर्वेकडे तोंड केलं की वारा पाठीशी असतो, एवढंच कारण. मुंबई–न्यूयॉर्कला असा पूर्वेचा रस्ता परवडत नाही, पण छोट्या प्रमाणात आम्ही रोज हेच करतो. कॉम्प्युटर डझनावारी मार्ग तपासतो, कधी तीनशे किलोमीटर उत्तरेला सरकून वीस मिनिटं वाचवतो. आई-बाबांना स्क्रीनवर विमान वाकडंतिकडं जाताना दिसलं तर ती वाट अशी निवडलेली असते.

अटलांटिकवर तर मार्गच रोज नवे आखले जातात. आयर्लंडच्या बाजूला शॅनविक आणि कॅनडाच्या बाजूला गॅन्डर, ही दोन नियंत्रण केंद्रं वारा पाहून समांतर वाटा जाहीर करतात. दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी, रात्री पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी. पश्चिमेकडे जाणारे या वाटांवर जेटस्ट्रीम टाळतात, पूर्वेकडे येणारे त्यात घुसतात. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तर ठरलेल्या मिनिटांत उतरता येईल असा विमानतळ सतत आवाक्यात ठेवावा लागतो. म्हणून शॅनन, केफ्लाविक, गूस बे ही नावं आमच्या तोंडी कल्याण-कर्जतसारखी असतात.

एक बारीक गोष्ट, जी प्रवाशांना कुणी सांगत नाही. मुंबईत भरलेलं इंधन जेट ए-वन जातीचं असतं, त्याचा गोठणबिंदू उणे ४७ अंश. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी जेट ए मिळतं, ते उणे ४० ला गोठायला लागतं. बाहेर उणे ६० असताना दहा-बारा तास उडून पंखातलं इंधन हळूहळू थंड होत जातं. त्यामुळे हिवाळ्यात परतीच्या विमानाला सर्वात थंड पट्टा टाळून कधी जरा दक्षिणेची, कधी खालची पातळी घ्यावी लागते. वाचवलेली पाच-दहा मिनिटं तिथे जातात, आणि ती जायलाच हवीत.

ऋतूचा फरक तुमच्या तारखांना लागू होतो. हिवाळ्यात पश्चिमी जेटस्ट्रीम उत्तर भारत आणि इराणच्या माथ्यावर उतरून आलेली असते, जानेवारीत पश्चिमेकडे निघालेलं विमान पहिल्या दोन-तीन तासांतच तिच्या तोंडी सापडतं. पावसाळ्यात ती हिमालयापलीकडे सरकते आणि आपल्याकडे उंचावरचे वारे उलटे, पूर्वेकडून वाहू लागतात. म्हणजे जूनमध्ये सुरुवातीचा टप्पा आई-बाबांच्या बाजूचा असेल. नोव्हेंबरमध्ये येताना अटलांटिकवरचा वारा जोर धरू लागलेला असतो, तोही त्यांच्याच बाजूने. महिने तुम्ही चांगले निवडलेत.

तिकिटावरचा वेळ मात्र हवेतला नसतो. मुंबईत चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून न्यूयॉर्कला पुन्हा लावेपर्यंतचा असतो, आमच्या भाषेत ब्लॉक टाइम. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचाच उपयोग होतो, आणि मध्यरात्री परदेशी विमानांची रांग लागते. न्यूयॉर्कलाही उतरल्यावर गेटपर्यंत यायला वीस मिनिटं सहज. कंपन्या हे सगळं धरून, आणि त्या हंगामातला सरासरी वारा धरून, वेळ छापतात. म्हणून विमान कधी चाळीस मिनिटं आधी पोहोचतं. वैमानिकाने घाई केली असा त्याचा अर्थ काढू नका.

थांबा घेतला तर अंतर किती वाढतं? फारच थोडं. मुंबई–लंडन ७,२०० आणि लंडन–न्यूयॉर्क ५,५४०, बेरीज १२,७४० किलोमीटर. थेटपेक्षा जेमतेम दोनशे जास्त. एअर इंडियाने मे १९६० मध्ये बोइंग ७०७ ने न्यूयॉर्कची सेवा सुरू केली ती लंडनमार्गेच. दुबईमार्गे गेलात तर १,९३० अधिक ११,०२०, म्हणजे १२,९५०. तोही फरक चारशेच. वाढतो तो विमानतळावरचा वेळ, दोन तासांपासून बारा तासांपर्यंत. पंच्याहत्तरीच्या माणसाला सलग सोळा तास बसणं जड जातं की मध्यरात्री अनोळखी विमानतळावर गेट शोधणं, हे घर ओळखणाऱ्यानेच ठरवावं. गुडघे दुखत असतील पण बोलण्या-वाचण्याची अडचण नसेल तर मी थांबा सुचवीन. इंग्रजीची धास्ती असेल तर थेट, आणि व्हीलचेअर तिकिटासोबतच सांगून ठेवा.

शेवटचा आणि तुमच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचा हिशेब घड्याळाचा. भारत आणि न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेदहाचा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. तुमचं जाणं एका हिशेबात आहे आणि येणं दुसऱ्या. जूनमध्ये समजा रात्री २ ला निघून त्याच तारखेला सकाळी साडेआठला पोहोचायचं आहे. दिसायला साडेसहा तास, त्यात साडेनऊ मिळवा, १६. नोव्हेंबरमध्ये सकाळी साडेअकराला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबई, दिसायला साडेचोवीस, त्यातून साडेदहा वजा करा, १४. पश्चिमेला जाताना मिळवायचे, पूर्वेला येताना वजा करायचे.

इन्सुलिनला मात्र तारीख कळत नाही, मागच्या डोसनंतर किती तास झाले तेवढंच कळतं. जातानाचा दिवस साडेतेहेतीस तासांचा होणार आणि येतानाचा साडेतेराच तासांचा. म्हणून निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी दोन्ही तिकिटांच्या वेळा भारतीय वेळेत लिहून काढा, विमानातली जेवणं साधारण कधी येतील तेही कंपनीला विचारून लिहा, आणि तो कागद घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा. डोस किती आणि कधी हे त्यांनीच लिहून द्यावं, लांब आणि आखूड दिवसांसाठी ते बहुतेकदा वेगवेगळं असतं. औषध हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको, ती खाली थंडीत राहते आणि कधी एक दिवस उशिराही येते. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत.

आणि बाबांना सांगा की विमानात बसल्याबसल्या घड्याळ न्यूयॉर्कच्या वेळेला लावू नका. मनगटावर भारतीय वेळ राहू द्या, डॉक्टरांच्या कागदावरची वेळ आणि घड्याळातली वेळ एकच दिसली पाहिजे. न्यूयॉर्कला उतरून, मुलगी भेटून, घरी पहिलं जेवण झालं की मग तिच्याकडून काटे फिरवून घ्या.